बाई गेल्यानंतर तुम्ही काय ऐकलंत? (अनुभव धागा)

आपल्या गाण्याच्या बाईंना जाऊन आज 26 दिवस झाले. वर्गात भेटतो तेव्हा कुणालाच नीट बोलता येत नाही, म्हणून हे विचारते आहे. या दिवसांत तुम्हाला कुठल्या सुरानं, कुठल्या रागानं धीर दिला? की नाहीच दिला? जसं येईल तसं लिहा, दोन ओळीही चालतील.

सुरुवात मी करते. शेवटच्या तालमीत बाई मारवा राग शिकवत होत्या. मारव्यात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे लागतच नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात (नी) लावलेली. नंतर बातमीच आली. ती तार मला उतरवता येईना. रोज तानपुऱ्याची गवसणी (खोळ) काढायची, एकदा छेडायची, परत घालून ठेवायची. मारवा षड्जावर, म्हणजे सा वर, लवकर टेकू देत नाही, आणि मला ते अधांतरी राहणंच खरं वाटत होतं. परवा मात्र खुंटी सैल करून तार पंचमात आणली. तारेखालचा दोरा सरकवत गेले आणि एका जागी जवारी बोलली, तार घुमायला लागली. मग अर्धा तास नुसता सा लावून बसले. पोटभर रडले, पण त्या रात्री झोप लागली.

——

ताई, मला अजून काहीच ऐकवत नाही. कुठे गाणं लागलं की उठून बाहेर जातो. तुम्ही विचारलंत म्हणून एवढं लिहिलं.

——

मी तबल्यावर साथीला बसायचो, हे सगळ्यांना माहीत आहे. विलंबित (संथ) एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात, बाई मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) अकराव्या मात्रेला उचलायच्या आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना माझ्याकडे बघायच्या. आता घरी एकटाच ठेका धरतो. दहावी मात्रा सरली की कान आपोआप उभे राहतात. पहिल्या आठवड्यात तिथंच हात थांबायचा. आता थांबत नाही, ती दोन मात्रांची जागा मोकळी ठेवून सम गाठतो. बरं वाटतं असं म्हणणार नाही, पण त्या दोन मात्रांत बाई असतात.

——

माझं काम रुग्णालयातलं. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, हे आम्ही रोज बघतो. लांब षड्ज लावणं म्हणजे लांब श्वास सोडणंच. बाई हे न सांगता करून घेत होत्या, हे मला आत्ता कळतंय. छातीत भरून आलं की मी हळूच खर्ज (खालचा सा) लावते. दुःख कमी होत नाही, धाप थांबते. तेवढ्यावर दिवस निघतो.

——

मी बिलासखानी तोडी हा एकच राग ऐकतोय, दुसरं काही नाही. स्वर भैरवीचे आणि चाल तोडीची. तानसेन गेल्यावर मुलगा बिलासखान यानं वडिलांच्या पार्थिवापाशी ही गायली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो. 1948 साली गांधीजी गेल्यावर पंडित रविशंकर यांनी मोहनकंस हा राग बांधला, तोही गांधी या नावातले ग, नि, ध हे स्वर घेऊन. माणूस गेल्यावर त्याला सुरात धरून ठेवावंसं वाटणारे आपणच पहिले नाही, याचा मला फार आधार वाटला.

——

माझ्या फोनवर एका तालमीचं ध्वनिमुद्रण आहे, एकोणचाळीस मिनिटांचं. त्यात बाईंचं गाणं जेमतेम चार मिनिटं असेल. बाकी आमची चुकलेली गाणी, बाईंचा खोकला, पेटीच्या भात्याचा आवाज, आणि सारखं 'परत घे, घाई नको.' मला त्यांच्या गाण्यापेक्षा ते 'परत घे'च ऐकायला हवं असतं. कोमल रिषभ थोडा चढा लागला की अजूनही तेच कानात येतं, आणि मी परत घेते. कुणाला हवं असेल तर पाठवते, मागायला संकोच करू नका.

——

मला पाठव गं. आणि वर ज्या दादांनी ऐकवत नाही असं लिहिलंय, त्यांना सांगते: दादा, गुरुवारी वर्गात या. गाऊ नका, ऐकूही नका. बाईंचा मोठा तानपुरा कुणीतरी धरायला हवा आहे. मी शेजारी बसेन.

——

येतो. तारा तेवढ्या तुम्ही लावून ठेवा.