सां जेर्मांचा 'टूरिस्ट': ठेका ऐकत नसेल तर त्याला जाझ म्हणायचं का?

दुगुन

गेले तीन आठवडे रात्री झोपण्याआधी एकच अल्बम लावतोय. सां जेर्मांचा 'टूरिस्ट', 2000 सालचा. नाव बँडचं वाटतं, पण माणूस एकच आहे, फ्रान्सचा ल्युदोविक नवार. आधी हाउस आणि टेक्नो (क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) करायचा, डीपसाइड वगैरे वेगवेगळ्या नावांनी रेकॉर्ड काढायचा. आणि हा अल्बम निघाला थेट ब्लू नोटवर, म्हणजे 1939 पासून जाझ छापणाऱ्या कंपनीकडून.

अडचण सांगतो. मी चौदा वर्षं गायनाला तबल्याची साथ करतो आहे. साथीत मला सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते ऐकणं. गाणारी श्वास घेते तिथे थोडं भरायचं, ती बोल घेऊन खेळायला लागली की हात आवरायचा, तान समेकडे वळली की तिच्याबरोबर यायचं. जाझ आवडायला लागला तोही याच कारणाने. खाली ड्रमवाला वरच्या सॅक्सोफोनचं ऐकतोय हे कळतं.

'टूरिस्ट'मधला ठेका कुणाचंच ऐकत नाही. वाजवणाऱ्याने जीव ओतला तरी तो तसाच, नुसतं फुंकलं तरी तसाच. आणि तरीही 'सो फ्लूट'मध्ये बासरी घोगरी होत जाते, स्वराच्या आधी वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, तिथे दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. आठ मिनिटांच्या वरची रचना आहे, आणि एकदाही मध्येच बंद करावीशी वाटली नाही.

सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "हे लॉबीत लावायचं संगीत आहे, जाझ नव्हे." मला उत्तर सुचलं नाही. चुकीचं बोलतोय असं वाटलं, पण कुठे चुकतोय ते सापडेना. ज्यांनी हा अल्बम नीट ऐकलाय त्यांनी सांगा, वाजवणारे कशाला उत्तर देतायत? आणि यानंतर काय ऐकू?

पितळी

मी तुमच्या मित्राच्या बाजूने आहे, पण 'लॉबी' म्हणणार नाही. काम कसबी आहे.

'रोझ रूज' घ्या. त्यातला ड्रमचा तुकडा डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटच्या 'टेक फाइव्ह'चा, 1959 च्या 'टाइम आउट' अल्बममधला. तिथे ड्रमवादक जो मोरेलो पाच मात्रांत वाजवतो आणि त्या रचनेचं सगळं सौंदर्य त्या पाचव्या मात्रेत आहे. नवारने तुकडा कापला आणि चारात बसवला. का, तर हाउसला चार लागतात. मला हे दुखतं. बाईचा आवाज मार्लेना शॉचा, 1973 च्या मॉन्त्रोच्या मैफिलीतला. ती समोरच्या माणसांना हाक देत होती. इथे तीच हाक, तशाच्या तशी, पुन्हा पुन्हा येते. 'शुअर थिंग'मध्ये जॉन ली हूकर आणि माइल्स डेव्हिस आहेत, पण तेही 1990 च्या एका चित्रपटाच्या संगीतातून उचललेले. जो खोलीत नाही त्याच्याशी जुगलबंदी कशी होणार?

पुढे ऐकायला हर्बी हॅनकॉकचा 'हेड हंटर्स', 1973. 'कमिलियन'मधली ती प्रसिद्ध बेस हॅनकॉकने सिंथेसायझरवर वाजवलीय, म्हणजे तुमची इलेक्ट्रॉनिक आवड भागेल. पण खाली हार्वी मेसन ड्रमवर आहे आणि तो ऐकतो.

खर्ज

पितळी, 'हेड हंटर्स'बद्दल वाद नाही. पण 'खोलीत सगळे एकत्र असले तरच फ्यूजन (जाझ आणि इतर संगीताचा मेळ)' हे मला पटत नाही, कारण फ्यूजनची सुरुवातच कात्रीने झाली. माइल्सचा 1969 चा 'इन अ सायलेंट वे' काढा आणि दुसरी बाजू लावा. सुरुवातीचा तो संथ भाग शेवटी परत येतो. पुन्हा वाजवलेला नाही, तेच ध्वनिमुद्रण निर्माता टिओ मासेरोने परत जोडलंय. माइल्सच्याच 'बिचेस ब्रू'मध्ये तर त्याने टेपचे केवढे तुकडे केले! त्या अल्बमांना आपण जाझच म्हणतो. नवारच्या हातात कात्रीऐवजी सॅम्पलर (ध्वनिमुद्रणाचे तुकडे पुन्हा वाजवणारं यंत्र) आहे आणि तो तुकडे जास्त वेळा फिरवतो, फरक एवढाच आहे.

दुसरं म्हणजे सगळंच उचललेलं नाही. एदुआर लाबोरचा सॅक्सोफोन आणि बासरी, पास्काल ओसचा ट्रम्पेट, अलेक्झांद्र देस्त्रेचे कीबोर्ड, इद्रिसा दिऑपचं तालवाद्य. ही माणसं या अल्बमसाठी वाजवतायत. पहिले तिघे तर 1995 च्या 'बुलव्हार'वरही होते. तो अल्बम लोरां गार्निए आणि एरिक मोरां यांच्या एफ कम्युनिकेशन्सवर निघाला होता. त्यामुळे 'हाउसवाला अचानक जाझकडे वळला' ही गोष्ट मला खरी वाटत नाही. 'बुलव्हार' आधी ऐका, मग 'टूरिस्ट'. काय सुटलं आणि काय राहिलं ते कळेल.

आता दुगुन, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही तबलावादक आहात म्हणून विचारतो, लेहरा विसरलात का? एकल तबल्यात सारंगी किंवा पेटी तेच आवर्तन तासभर फिरवत राहते. ती तुमच्या मागे धावली तर तुम्ही वैतागाल. ती हलत नाही म्हणूनच तुमचा कायदा (बोलांची बांधलेली रचना) किती लांब गेला आणि कुठून परत आला हे ऐकणाऱ्याला कळतं. नवारने हेच उलटं केलंय. लय जागेवर ठेवली आणि सूर मोकळा सोडला. 'सो फ्लूट'मधली बासरी ठेक्याशी बोलत नाही, ठेक्यापासून लांब जाते आणि परत येते. काटा येतो तो त्या अंतरामुळे, असं माझं मत.

शिवाय तो ठेका तितका बहिरा नाही. हाउस करणाऱ्याचं खरं कसब काढून घेण्यात असतं. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) कधी थांबवायची, बेस किती आवर्तनं एकटी ठेवायची, झांज कधी परत आणायची. हेडफोन लावून फक्त खालचं ऐका, वरच्या सोलोकडे दुर्लक्ष करून. कुणीतरी नंतर बसून, सोलो शंभरदा ऐकून, त्याच्याखाली काय असावं हे ठरवलेलं जाणवतं. ऐकणं झालंय, फक्त त्या क्षणी झालेलं नाही.

रात्रपाळी

'मोंतेगो बे स्प्लीन'चं नाव कुणीच घेतलं नाही! तिथे हाउसचा ठेका नाहीच, चाल जमैकाकडची, संथ. गिटारवर अर्नेस्ट रँग्लिन, जन्म 1932 चा. स्काच्या, म्हणजे जमैकातल्या नाचाच्या संगीताच्या, सुरुवातीच्या दिवसांपासून वाजवणारा माणूस. संपूर्ण रचना त्याला मोकळी दिलीय.

पुढे ऐकायला दोन: 'नुयोरिकन सोल' (1997), मास्टर्स अ‍ॅट वर्क या हाउसच्या जोडीचा, त्यात रॉय एयर्स, जॉर्ज बेन्सन, टिटो पुएंते स्वतः येऊन वाजवतात. आणि डेट्रॉइटच्या कार्ल क्रेगचा इनरझोन ऑर्केस्ट्रा, 'प्रोग्रॅम्ड' (1999). नवारचा पुढचा अल्बम थेट 2015 ला आला, मालीच्या वादकांबरोबर. तोही घ्या.

दुगुन

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी करून बघायचं होतं.

खर्ज, लेहरा वाचून मी खरोखर उठून बसलो. मी रोज सकाळी दीड तास लेहरा मशीनवर रियाज करतो. चौदा वर्षं. म्हणजे न ऐकणाऱ्या यंत्राबरोबर मी मैफिलींपेक्षा कितीतरी जास्त वाजवलंय, आणि हाताला जे काही आलंय त्यातलं बरंच तिथेच आलंय. हे मला या अल्बमच्या संदर्भात एकदाही आठवलं नाही.

मग काल 'रोझ रूज' लावून डग्गा-तबला घेऊन बसलो. आधी नुसता ठेका धरला, तर काहीच मजा येईना, कारण ते काम आधीच झालेलं होतं. मग ठेका सोडला आणि एक छोटा कायदा उलगडायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या पलट्यानंतर (बोलांची उलटापालट) खालची बेस मला लेहऱ्यासारखी ऐकू यायला लागली. समेवर आल्यावर कुणी दाद देणार नव्हतं, तरी हात बरोबर पडला की समजत होतं.

पितळी, तुमच्या पाचव्या मात्रेसाठी 'टेक फाइव्ह' पाठोपाठ तीनदा ऐकलं. तीन-दोन असं हातावर धरून. तुमचं दुःख कळलं. चारात आणल्यावर ते झुकणं जातं. मलाही आता 'रोझ रूज'मध्ये ती एक मात्रा कमी आहे हे सारखं जाणवतं.

पितळी

मान्य, लेहऱ्याचा मुद्दा भारी आहे. पण रियाज मशीनबरोबर करता, मैफिलीला मात्र माणूस शोधता ना? अल्बम रियाजासारखा ऐकायचा की मैफिलीसारखा?

दुगुन

मैफिलीला माणूसच हवा, हे खरंय. 'सो फ्लूट'ला मी मैफिलीसारखा ऐकत होतो आणि म्हणून अडकलो होतो. 'मोंतेगो बे स्प्लीन' मात्र अजून सुटत नाहीये. रँग्लिन कितीतरी जागी ठेक्याच्या किंचित मागे राहतो, आणि मला सारखं वाटतं की ठेकाच त्याच्यासाठी थांबलाय. आज रात्री फक्त तेवढंच ऐकणार आहे, खर्जांनी सांगितल्यासारखं, फक्त खालचं.