कॅम्पर व्हॅन घेऊन लोणार-चिखलदरा-ताडोबा, रात्री गाडी कुठं लावायची?

प्रश्न: नमस्कार मंडळी, ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली हाय, आम्ही घरचे पाच जण, आई पण सोबत. डिसेंबरात निघतो, मुक्काम गाडीतच, तर पाणी, लाईट, संडास या हिशोबानं जागा सांगा ना भाऊ.

उत्तर १: ताडोबात जंगलात गाडी लावून झोपायचं डोक्यातून काढाच. मोहर्ली गेटकडं रिसॉर्ट हायेत, आधी फोन करून विचारा कंपाउंडात गाडी लावू देता का, वायर टाकून लाईट देता का. बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावाकडंही वाघ येतो, रात्री आईला एकटं बाहेर जाऊ देऊ नका, हे कळकळीनं सांगतो. अन् मंगळवारी कोअर म्हणजे आतल्या जंगलातली सफारी बंद असते.

उत्तर २: चिखलदरा 3500 फुटांच्या वर हाय, डिसेंबरात थंडी लई बोचते, ब्लँकेट जास्तीचे ठेवा. डिझेल-पाणी परतवाड्यातच भरा अन् घाट उजेडातच चढा, लांब गाडीला वळणं जड जातात.

उत्तर ३: लोणारला विवराच्या काठावर नको, गावात लॉजच्या आवारात लावा. सरोवराचं पाणी खारं, टाकीच्या कामाचं नाही.

प्रश्नकर्ता: आईसाठी मोहर्लीत एक खोलीच घेतो मग, संडासचाही प्रश्न सुटला.