८×४२ की १०×४२? महागडी दुर्बीण घेताना काय तपासायचं?

हर्णैकर: पक्षी बघायला हवी. किनाऱ्यावर कुरव-तुतारीसारखे पाणपक्षी, मागच्या रायांत धनेश. स्वारोव्स्की एनएल प्युअर की झाइस एसएफ? भिंग दोन्हींत ४२ मिमी, मग ८ पट की १०? चष्मा आहे.

खाडीकाठ: ८ घ्या. भर दुपारी पुळणीवर हवा लहरते, १० पटीत त्या लहरीच मोठ्या दिसतात. रायांत तर प्रश्नच नाही: ८×४२ मधून डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत ५.२५ मिमी रुंद, १०×४२ मधून ४.२, म्हणजे सावलीत ८ पटीत जास्त उजळ दिसतं. एनएलमध्ये १००० मीटरवर ८ पटीला १५९ मीटर रुंदी दिसते, १० पटीला १३३. लांबच्या तुताऱ्या ओळखायला शेवटी स्पॉटिंग स्कोपच (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) लागतो, उगाच १० च्या मागे लागू नका.

तळकोकणी: दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच छान दिसतात, बाहेर न्या. आधी डायऑप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची सोय) लावा: उजवी बाजू झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस, मग डावी झाकून उजव्याचा फक्त डायऑप्टरवर. आता उजळ आकाशासमोरची विजेची तार बघा. मध्यभागी जांभळी-हिरवी किनार दिसली तर या किमतीत नको. कडेला थोडी चालते. आयकप (डोळ्यापाशी टेकणारी कडी) पूर्ण आत ढकलून, चष्म्यासकट अख्खं वर्तुळ दिसतं का, तेही पाहा. दोन्हींतलं कुठलं, ते हातात धरूनच ठरेल.

सड्यावरचा: खारं पाणी उडालं तर कोरडं पुसू नका, मिठाच्या कणांनी काचेवरच्या कोटिंगवर चरे पडतात. दुर्बीण वॉटरप्रूफ आहे, आधी गोड्या पाण्याची हलकी धार, मग मायक्रोफायबर. आत भरलेल्या नायट्रोजन वायूमुळे बाहेरच्या काचेची बुरशी टळत नाही. पावसाळ्यात पिशवीत नको; पूर्ण वाळवून हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत.