मदत हवी आहे : ॲडमिन पॅनेल क्रोममध्ये ‘नेटवर्क एरर’ दाखवते, फायरफॉक्समध्ये मात्र नीट चालते

नमस्कार मंडळी,

तासगाव आणि मिरज तालुक्यांतील बेदाणा व हळद उत्पादकांच्या एका गटाच्या संकेतस्थळाचे काम मी सांगलीहून पाहतो. ग्राहकांना दिसणारी पाने व्यवस्थित उघडतात. अडचण आहे ती ॲडमिन पॅनेलची, जिथे गटातील मंडळी शिल्लक माल, दर आणि आलेल्या ऑर्डरी पाहतात. क्रोम किंवा एजमध्ये लॉगिन केले की पासवर्ड स्वीकारला जातो, डावीकडचा मेनूही दिसतो, पण ऑर्डरींच्या यादीच्या जागी लाल पट्टीत ‘नेटवर्क एरर’ एवढेच येते. त्याच संगणकावर, त्याच इंटरनेटवर फायरफॉक्समध्ये तीच यादी लगेच उघडते. आयफोनवरच्या सफारीत पुन्हा क्रोमसारखेच घडते.

हे सुरू झाले ते सर्व्हर बदलल्यापासून. पूर्वी पॅनेल आणि त्याला माहिती पुरवणारी एपीआय एकाच डोमेनवर होती. जागा अपुरी पडू लागल्याने एपीआय नव्या होस्टिंगवर हलवली आणि सध्या ती होस्टिंगसोबत मिळालेल्या, त्यांच्याच डोमेनवरील पत्त्यावर चालते. पॅनेल मात्र आमच्या जुन्या डोमेनवरच आहे.

नेहमीचे उपाय झाले आहेत. कॅशे आणि कुकी पुसल्या, सगळी एक्स्टेन्शन बंद केली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही पाहिले. काहीही फरक पडला नाही. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचे हे काम असते, तर कन्सोलमध्ये ‘ईआरआर ब्लॉक्ड बाय क्लायंट’ असा संदेश आला असता आणि विनंती सर्व्हरपर्यंत गेलीच नसती. आमची विनंती तर पोहोचते. सर्व्हरच्या लॉगमध्ये क्रोमकडून आलेल्या यादीच्या प्रत्येक विनंतीपुढे ४०१ नोंदलेले आहे, म्हणजे सर्व्हरच्या मते या माणसाने लॉगिन केलेलेच नाही. जोडणी शाबूत असताना वापरणाऱ्याला ‘नेटवर्क एरर’ सांगितले जाते, ही या प्रकारातली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट आहे, कारण ते वाचून गटातील माणसे आधी ब्रॉडबँडवाल्यालाच फोन लावतात आणि त्यात अर्धा दिवस जातो.

एफ-१२ दाबून क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये लॉगिनची विनंती उघडली, तेव्हा उत्तरातील ‘सेट-कुकी’ या ओळीशेजारी (लॉगिनची ओळख ठेवणारी कुकी ब्राउझरला याच ओळीतून मिळते) एक छोटा पिवळा त्रिकोण दिसला. त्यावर माउस नेल्यावर कळते ते असे, की कुकीमध्ये ‘सेमसाइट’ (दुसऱ्या साइटवरून झालेल्या विनंतीत कुकी चालावी का, हे सांगणारी खूण) दिलेले नसल्यामुळे ते ‘लॅक्स’ (अशा पडद्यामागच्या विनंतीत चालू नये) धरले गेले आणि उत्तर दुसऱ्या साइटकडून आलेले असल्यामुळे कुकी अडवली गेली. पुढे ऑर्डरींसाठी जाणारी ‘ऑप्शन्स’ विनंती (खऱ्या विनंतीआधी ब्राउझर परवानगी विचारतो ती) २०४, म्हणजे यशाचा क्रमांक, घेऊन सुखरूप परत येते, आणि प्रत्यक्ष यादीच्या विनंतीपुढे ‘कॉर्स एरर’ (कॉर्स म्हणजे एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्याचे उत्तर वाचू देण्याचे नियम) असे लाल अक्षरांत उमटते. क्रेडेन्शियल, म्हणजे कुकी, पाठवण्याची सोय पॅनेलच्या कोडमध्ये चालू आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधील परवानगीच्या हेडरमध्येही (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेच्या ओळीत) ‘कोणीही’ असा अर्थ असलेले तारांकन नसून आमच्या पॅनेलचा पूर्ण पत्ता आहे.

माझ्या शंका अशा : सर्व्हर ४०१ देत असताना पॅनेलला ते न कळता कॉर्सची चूक का दिसते, तेही हेच हेडर फायरफॉक्समध्ये बिनतक्रार येत असताना? आणि कुकीला ‘सेमसाइट’ ‘नन’ (दुसऱ्या साइटवरूनही चालेल) करून भागेल, की एपीआयचा पत्ताच बदलणे योग्य? सर्वांना फायरफॉक्स वापरायला सांगणे मला पटत नाही, कारण शेतावरून दर टाकणारी बहुतेक मंडळी फोनमधल्या क्रोमवरच काम करतात, आणि दिवाळीची मागणी सुरू होण्यापूर्वी हे मार्गी लागायला हवे.

उत्तर

नमस्कार. आपण लॉगमधले ४०१ शोधून काढले आहे, त्यामुळे पुढचे सांगणे सोपे झाले.

एनजिनएक्समधील ‘ॲड हेडर’ ही सूचना मुळात २००, २०४, ३०१, ३०२ अशा ठरावीक क्रमांकांच्या उत्तरांनाच लागू होते. ४०१ त्यांत येत नाही. म्हणून ‘ऑप्शन्स’च्या उत्तरावर हेडर लागतात, फायरफॉक्सला मिळणाऱ्या २०० वर लागतात, आणि क्रोमला मिळणाऱ्या ४०१ वर लागत नाहीत. हेडर नसलेले उत्तर ब्राउझर पॅनेलच्या स्क्रिप्टला दाखवतच नाही, आणि स्क्रिप्टकडे ‘नेटवर्क एरर’ म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. त्या ओळींच्या शेवटी ‘ऑलवेज’ जोडा, म्हणजे ४०१ वरही हेडर लागतील. यादी त्याने येणार नाही, पण यापुढे खरी चूक दिसेल आणि पॅनेलला लॉगिनच्या पानावर परत नेता येईल.

कुकीविषयी आपला अंदाज बरोबर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून ‘सेमसाइट’ नसलेली कुकी ‘लॅक्स’ धरली जाते; एजचा पाया क्रोमप्रमाणेच क्रोमियम असल्याने तोही तसाच वागतो. फायरफॉक्सने हा नियम सर्वसाधारण आवृत्तीत आपोआप लागू केलेला नाही. ‘नन’ आणि सोबत ‘सिक्युअर’ (कुकी फक्त एचटीटीपीएसवर) दिल्यास क्रोम व एज चालू लागतील. पण सफारी मार्च २०२० पासून, म्हणजे १३.१ या आवृत्तीपासून, परक्या साइटच्या सर्व कुकी अडवते आणि क्रोमची इन्कॉग्निटो खिडकीही मूळ सेटिंगमध्ये तेच करते. तेव्हा आपल्या गटातील आयफोनवाले तसेच अडकून राहतील.

माझ्या मते पत्ता बदलणे हाच टिकाऊ मार्ग आहे. आपल्या जुन्या डोमेनखाली एपीआयसाठी एक सबडोमेन काढा, डीएनएसमध्ये ते नव्या सर्व्हरकडे वळवा, त्या नावाचे प्रमाणपत्र घ्या आणि पॅनेलमध्ये एपीआयचा नवा पत्ता द्या. मग दोन्ही एकाच साइटचे भाग ठरतात आणि ‘लॅक्स’ असूनही कुकी जाते. ओरिजिन, म्हणजे सबडोमेनसह पूर्ण पत्ता, मात्र वेगळेच राहत असल्याने कॉर्सचे हेडर काढू नका. हे करण्याआधी पॅनेल एचटीटीपीएसवरच उघडते ना, हे पाहून घ्या, कारण क्रोम ८९ पासून एकाच डोमेनचे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस पत्ते वेगळ्या साइट मानले जातात आणि कुकी पुन्हा अडेल.