सात दिवसांचे डिटॉक्स करून पाहावे का?

मूळ लेख : साशंक

गेल्या महिन्यात मी सात दिवसांचे 'डिटॉक्स' केले. फळांच्या आणि पालेभाज्यांच्या रसाच्या रोज सहा बाटल्या, सकाळी लिंबूपाणी, झोपताना सोनामुखीचा रेचक चहा आणि चावून खाण्याजोगे काहीही नाही, असा तो कार्यक्रम होता. तिसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले, तेव्हा 'विषद्रव्ये बाहेर पडत असल्याचे हे लक्षण आहे' असा दिलासा सोबतच्या पत्रकात मिळाला. मी रोज चार कप कॉफी पिणारा माणूस असून ती एका दिवसात बंद केली होती, हे पत्रकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आठव्या दिवशी काट्यावर २.६ किलो कमी दिसले आणि ते मी घरातल्या प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितले. पुढच्या दहा दिवसांत, कसलीही खादाडी न करता, त्यातले २.२ किलो परत आले.

हिशेब मागाहून समजला. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर) साठवलेले असते आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे तोडले की हा साठा पहिल्या काही दिवसांतच रिता होऊ लागतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. आतडी रिकामी झाल्याने काटा आणखी थोडा खाली येतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, त्यामुळे रोज १,००० कॅलरींची तूट धरली तरी सात दिवसांत किलोभरही चरबी जळत नाही.

परंतु माझा मुख्य आक्षेप वजनाबद्दल नाही. 'विषद्रव्ये बाहेर टाकते' असे बाटलीवर तीन ठिकाणी छापले होते, मात्र त्यांतल्या एकाही द्रव्याचे नाव कुठेच नव्हते. मी विक्रेत्याला लेखी विचारले, तेव्हा 'सर्व प्रकारची' असे उत्तर आले. ब्रिटनमधील 'सेन्स अबाउट सायन्स' या संस्थेशी संबंधित तरुण वैज्ञानिकांनी २००९ मध्ये १५ डिटॉक्स उत्पादनांच्या उत्पादकांकडे हीच विचारणा केली होती, आणि कोणालाही समाधानकारक पुरावा देता आला नव्हता. अशा व्यावसायिक आहारांची माणसांवर यादृच्छिक नियंत्रित चाचणी (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना) झालेलीच नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत नमूद आहे. तेव्हा माझे मत असे, की हे करून पाहण्याच्या लायकीचे नाही. कोणास वेगळे वाटत असल्यास जरूर लिहावे.

प्रतिसाद : प्रयोगशील

मला वेगळे वाटते. बाटलीवरचा मजकूर हास्यास्पद आहे हे मान्य. पण जाहिरात खोटी ठरली म्हणून कृती निरुपयोगी ठरत नाही. मी गेली सहा वर्षे वर्षातून दोनदा तीन दिवसांचा असा खंड घेते. मद्य, साखर आणि रात्री दहानंतरचे चरणे बंद होते, आणि आपण भुकेपोटी किती खातो व केवळ हात मोकळा आहे म्हणून किती खातो, याचा पत्ता मला त्या तीन दिवसांत जितका लागतो तितका उरलेल्या वर्षात लागत नाही. आपल्यासारखे अभ्यासू लोक 'संतुलित खा' एवढे सांगून मोकळे होतात. तो सल्ला बरोबर आहे, परंतु त्याला सुरुवातीचा दिवस नसतो, आणि माणसाला सुरुवातीचा दिवस लागतो.

दुसरे असे, की ज्यांना आपण 'फॅड' म्हणतो ते सर्वच आहार बाजारात जन्मलेले नाहीत. भरपूर चरबीचा आणि अत्यल्प कर्बोदकांचा कीटो आहार १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावरील उपचार म्हणून सुचवला आणि औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात मुलांसाठी तो आजही वापरला जातो. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकामध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५० कॅलरींच्या पेयांवर ठेवले गेले, आणि वर्षअखेरीस त्यांच्यातील ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. चावून खाण्याजोगे काहीही नाही, हे आपल्या कार्यक्रमाचे वर्णन तिथेही लागू पडते.

शिवाय 'विषद्रव्ये साठतच नाहीत' असे डिटॉक्सचे टीकाकार म्हणतात, तेही अर्धसत्य आहे. डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही औद्योगिक द्रव्ये यांसारखी रसायने चरबीत वर्षानुवर्षे राहतात, हे निर्विवाद आहे.

प्रतिसाद : पथ्यविचार

मी मूत्रपिंडविकार विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

'डायरेक्ट' चाचणीचा दाखला डिटॉक्सच्या बाजूने देणे म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून घरातली सुरी हाती घेण्यासारखे आहे. त्या पेयांत प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून घातलेले होते. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी, वैद्यकीय देखरेखीखाली, थांबवली होती. घन अन्न टप्प्याटप्प्याने परत आणले गेले आणि पाठपुरावा दोन वर्षे चालला. एवढे करूनही दोन वर्षांच्या शेवटी ४६ टक्क्यांचे ३६ टक्के झाले. औषधांचा मुद्दा किरकोळ वाटत असेल, तर माझ्या पाहण्यातले एक उदाहरण देते. साखर उतरवणाऱ्या गोळ्या नेहमीच्या मात्रेत चालू ठेवून एका गृहस्थांनी पाच दिवसांचा पेयांचा कार्यक्रम सुरू केला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटून, बोलणे असंबद्ध होऊन ते आमच्याकडे आणले गेले. त्यांना ग्लुकोज देऊन झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, 'म्हणजे शुद्धी सुरू झाली होती का?'

आता यकृत आणि मूत्रपिंडे यांच्याविषयी. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला लिटर-दोन लिटर सोडून बाकीचा सगळा परत शोषून घेतात. आतड्यांतून शोषलेले बहुतेक पदार्थ आधी यकृतातून जातात; तिथे विकरे त्यांचे रासायनिक रूप बदलतात, त्यांना दुसरा एखादा रेणू जोडून पाण्यात विरघळण्याजोगे करतात, आणि मग ते पित्तातून किंवा लघवीतून बाहेर पडतात. गाळणी धुऊन काढावी तसे यकृत धुता येत नाही, कारण त्यात गाळ साचलेलाच नसतो. उलट काही रस या कामात अडथळा आणतात. ग्रेपफ्रूटचा रस घ्या, ज्याच्या नावाने एक अख्खा आहार गेली कित्येक दशके चालत आला आहे. तो सीवायपी ३ए४ या विकराला निकामी करतो, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते. शुद्धीच्या नावाने घेतलेला रस शुद्धी करणारी यंत्रणाच बंद पाडतो, हा विनोद आमच्या विभागात फार जुना आहे.

चरबीतल्या डीडीटीविषयी प्रयोगशील यांचे म्हणणे खरे आहे. मात्र त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. वजन झपाट्याने उतरले की चरबीत गुंतलेली ती रसायने रक्तात मोकळी होतात आणि त्यांची रक्तातली पातळी वाढते, हे मोजून पाहिलेले आहे.

रसांचा आणखी एक प्रकार सांगते. पालक, बीट यांसारख्या भाज्यांत ऑक्झॅलेट (मुतखड्यात सापडणारा क्षार) भरपूर असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णवृत्तांतात, हिरव्या रसांचा डिटॉक्स केल्यानंतर ६५ वर्षांच्या एका बाईंच्या मूत्रपिंडांत ऑक्झॅलेटचे स्फटिक साठून ती निकामी झाल्याची नोंद आहे. त्यांची पूर्वी जठरावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेली होती आणि नुकतीच प्रतिजैविकेही दिली गेली होती. या दोन्ही गोष्टींनी ऑक्झॅलेटचे शोषण वाढते. धडधाकट माणसाला एका आठवड्यात असे होण्याची शक्यता कमी आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण बाटली विकणारा तुमच्या शस्त्रक्रियांची चौकशी करत नाही.

प्रतिसाद : खटपट्या

पुराव्याविषयी थोडे. पाय बुडवून बसायच्या यंत्रातले पाणी तपकिरी होते आणि 'पाहा, काय काय निघाले' असे सांगितले जाते. मी ते यंत्र पाय न घालता, नुसते मीठ टाकून वीस मिनिटे चालवले. पाणी तसेच तपकिरी झाले, कारण तो धातूच्या पट्ट्यांचा गंज होता. आतड्यातून निघणाऱ्या रबरासारख्या काळपट दोऱ्यांची छायाचित्रे दाखवतात, त्यांचीही तीच गत. इसबगोल आणि बेंटोनाइट माती एकत्र गिळल्यावर त्यांचाच तसा लगदा बनतो. आतड्यात विष साचते ही कल्पना काही नवी नाही. बद्धकोष्ठामुळे शरीर स्वतःच विषारी होते, या समजापायी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्बथनॉट लेन हे ब्रिटिश शल्यविशारद रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकत. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी साधा मुद्दा मांडला, की शौचाला झाल्याबरोबर डोकेदुखी थांबते, आणि रक्तात भिनलेले विष इतक्या तत्परतेने उतरत नाही.

प्रतिसाद : प्रयोगशील

पथ्यविचार यांचे ग्रेपफ्रूट मला माहीत नव्हते, आभार. तरीही माझा मूळ मुद्दा अनुत्तरित आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डाएटफिट्स' चाचणीत ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीच्या किंवा कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवले, आणि दोन्ही गटांत सरासरी घट जवळजवळ सारखीच, म्हणजे ५.३ आणि ६.० किलो निघाली. २००५ च्या एका चाचणीत चार प्रसिद्ध आहारांची तुलना झाली, तेव्हाही आहार कोणता यापेक्षा माणूस त्याला किती चिकटून राहतो यावर वजन अवलंबून असल्याचे दिसले. मग ज्याला जे जमते ते त्याने करावे. शास्त्रशुद्ध आहार महिन्याभरात सोडणाऱ्यापेक्षा माझे तीन दिवस वाईट कसे?

प्रतिसाद : साशंक

'चिकटून राहणे' हा निकष आपणच दिलात, आणि माझ्या मते डिटॉक्स त्याच निकषावर पडते, कारण ते सातव्या दिवशी संपण्यासाठीच रचलेले असते. १९४४–४५ मध्ये अॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवले होते. ते तरुण चिडचिडे आणि उदास झाले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि प्रयोग संपल्यावरही काहींची भूक कित्येक महिने ताळ्यावर आली नाही. आपल्या तीन दिवसांशी त्याची तुलना होऊ शकत नाही, हे कबूल. परंतु स्वतःला कोंडण्याची आणि नंतर तुटून पडण्याची ज्यांना आधीच सवय आहे, अशा माणसाच्या हाती 'पुन्हा सुरुवात करा' असे लिहिलेली बाटली देणे मला निरुपद्रवी वाटत नाही.

आपल्याला एकच प्रश्न विचारतो. आपण या तीन दिवसांत वजन करता का, आणि सोनामुखी घेता का?

प्रतिसाद : प्रयोगशील

वजन करत नाही. काटा पहिल्याच वर्षी देऊन टाकला. सोनामुखी मात्र घेत होते. तिचा परिणाम मोठ्या आतड्यावर होतो आणि कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात, म्हणजे जाते ते पाणी आणि पोटॅशियम, हे मागच्या वर्षी समजले, तेव्हापासून बंद केली. नाश्ता आणि दुपारचे जेवणही आता मी त्या तीन दिवसांत घेते. मद्य, साखर आणि रात्रीचे खाणे तेवढे सोडते. हे लिहिताना लक्षात आले, की आता याला डिटॉक्स म्हणण्याजोगे त्यात फारसे काही उरलेले नाही. पण तारीख मी आधीच ठरवून ठेवली आहे आणि ती बदलणार नाही.