सातवाहन राजांच्या नावात आईचे नाव का?

बोरिवलीकर : रविवारी कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात, गेलो होतो. तिथल्या ब्राह्मी लेखात गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या राजाचे नाव येते. मुंबईच्या इतक्या जवळ सातवाहनांची खूण पाहून मन भरून आले. या घराण्यात मातृसत्ता होती, असे समजावे का?

लेणीप्रेमी : तसे म्हणता येत नाही, कारण गादी सहसा बापाकडून मुलाकडेच जात असे. गौतमी, वासिष्ठी ही नावे आईच्या गोत्रावरून आली असून, अनेक राण्यांमधून नेमकी आई ओळखता यावी म्हणून ती लावली जात, हे स्पष्टीकरण मला पटते. मात्र स्त्रियांचा मान खराच होता. नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राणी नागनिकेच्या काळातील यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची लांबलचक यादी आहे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात तर गौतमी बलश्री स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हणवते आणि दिवंगत मुलाचे, म्हणजे यज्ञ सातकर्णीच्या आधीच्या गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन ‘ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले’ असे करते. ही ओळ वाचताना मला दर वेळी गलबलून येते.

नाणेसंग्राहक : त्या मुलाचा पराक्रम नाण्यांवरही दिसतो. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये त्याने हरवलेल्या क्षत्रप (शक राजा) नहपानाची 13,000हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी 9,000हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. नीट निरखल्यास त्या ठशाखाली नहपानाच्या चेहऱ्याची रेघ अजून दिसते.

बोरिवलीकर : मनापासून आभार. पुढच्या सुट्टीत नाशिकची लेणी पाहायला नक्की जाईन.