मदत हवी आहे : फ्लॉरेन्स की चिंक्वे तेर्रे? (आई-बाबा सोबत आहेत)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन इटलीला जातेय. आधी रोम, परतीचं विमान मिलानहून, एवढं ठरलंय. अडलंय ते मधल्या चार रात्रींवर.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. मिकेलान्जेलोचा डेव्हिड त्यांनी आजवर फक्त छापील चित्रांत पाहिलाय. आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट टाकून दिलेला संगमरवराचा ठोकळा, त्यातून १५०४ साली हा पुरा झाला, हे ते मुलांना दरवर्षी सांगायचे. तेव्हा फ्लॉरेन्स वगळायचा विचारसुद्धा माझ्याच्याने होत नाही.

आई वेंगुर्ल्याची. तिला चिंक्वे तेर्रेचे, म्हणजे समुद्रकाठच्या पाच गावांचे फोटो दाखवले तर कितीतरी वेळ फोन खाली ठेवेना. पण विचारलं की म्हणते, "ह्यांचं होऊ दे, समुद्र काय आपल्याकडेही आहे." आयुष्यभर तिने असंच केलंय. या वेळी मला ते होऊ द्यायचं नाही.

अडचण तिच्या गुडघ्यांची. पाच गावांपैकी कोर्निलियाला स्टेशनपासून गावात चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत, ते सोडूनच दिलं. मोंतेरोस्सो त्यातल्या त्यात सपाट, स्टेशनसमोरच किनारा, म्हणून राहायला तेच बघतेय. शिवाय तिथली प्रसिद्ध अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातली मासळी, आई खूश होईल.

फ्लॉरेन्सहून एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर जाता-येता पाचेक तास गाडीतच जातात. आईला समुद्र मिळणार तीन-चार तास, तोही दमलेल्या पायांनी. ते नको वाटतं.

आम्ही रोम सोडणार रविवारी सकाळी. आधी फ्लॉरेन्स केलं तर सोमवार फुकट जातो, कारण डेव्हिड आहे ते अकादेमिया आणि उफ्फीत्सी ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. म्हणून उलटा क्रम सुचला : रविवार-सोमवार मोंतेरोस्सो, मंगळवार-बुधवार फ्लॉरेन्स, गुरुवारी जलद गाडीने मिलान.

जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सांगा :

रोमहून मोंतेरोस्सोला जाताना ला स्पेत्सिया स्टेशनवर गाडी बदलायची तर बॅगा घेऊन जिने चढावे लागतात का? लिफ्ट चालू असते का? मोंतेरोस्सोत लिफ्ट असलेली किंवा तळमजल्यावरची खोली मिळते का, की जुन्या घरांत सगळीकडे अरुंद जिनेच? आणि दोन गावांमधल्या लोकल गाड्यांत सप्टेंबरअखेर बसायला जागा मिळते का? वेर्नात्सा आणि मानारोला तरी तिला दाखवायचंच आहे.

पावसाचीही धास्ती आहे. २०११ च्या ऑक्टोबरमधल्या पुरात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोचे फार हाल झाले होते. तो एखादा दिवस वाया गेला तर दोन रात्री पुरतील का, की फ्लॉरेन्सची एक कमी करून इथे तीन ठेवू? बाबांना विचारलं तर ते म्हणतात, डेव्हिडसमोर एक अख्खी सकाळ मिळाली की बास.

अकादेमियाची तिकिटं काढण्याआधी क्रम पक्का करायचाय, म्हणून जरा घाई आहे.